फाईलमध्ये नसलेली तक्रार

सोमवार, रात्री

मधुमेहाची वार्षिक तपासणी झाली. डोळ्यांचा पडदा पाहिला, तळपायाला नायलॉनची बारीक तार टोचून विचारलं, "कळतंय का?" लघवीतली प्रथिनं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं एचबीएवनसी, सगळं पार पडलं. एवढं नखशिखांत तपासतात, पण मधल्या भागाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. शेवटी उठता उठता मीच म्हणालो, "डॉक्टर, ताठरता येत नाही. आली तरी टिकत नाही."

त्यांनी सरळ पेन उचललं. अचानक झालं की हळूहळू? इच्छा होते का? पहाटे आपोआप ताठरता येते का? पहाटेची येत असेल तर कारण बहुधा मनात असतं, म्हणे. माझी तीही कमी झालीय. मग रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं विचारली, कारण त्यातल्या काहींनीही हा त्रास होतो. सिगारेटचं विचारलं. ती सोडलीय म्हटल्यावर पहिल्यांदाच हसले.

मंगळवार

त्यांनी समजावलेलं विसरायच्या आत लिहून ठेवतो. ताठरता म्हणजे मुळात रक्ताचा खेळ. मज्जातंतूंकडून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि तिथंच अडकून राहतं. वाढलेली साखर वर्षानुवर्षं या दोन्हींना पोखरते. म्हणून मधुमेह असलेल्या पुरुषांना हा त्रास इतरांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी गाठू शकतो.

झोप उडाली ती पुढच्या वाक्याने. शिश्नाची धमनी जेमतेम १ ते २ मिलिमीटरची, हृदयाची ३ ते ४. नळात क्षार साचला की आधी बारीक तोटी अडते, तसंच हे. म्हणजे आज इथं जे बिघडलंय ते उद्या छातीत बिघडू शकतं. मी गेलो होतो एक गोळी मागायला आणि परतलो ईसीजी, स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन करायची तपासणी) आणि कोलेस्टेरॉलची चिठ्ठी घेऊन. हा 'मर्दानगी'चा प्रश्न असल्याचं जे कुणी पसरवलंय, त्यांनी कितीजणांच्या हृदयाची तपासणी लांबवली असेल कोण जाणे.

गुरुवार

रात्री हिला सांगितलं. मनात मोठं भाषण तयार होतं. तिने ते अर्ध्यातच तोडलं, "अहो, ते राहू द्या, स्ट्रेस टेस्ट कधी आहे?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं, माझाच कंटाळा आला तुम्हाला." यावर मला काही बोलता आलं नाही.

रविवार

स्ट्रेस टेस्ट ठीक आली, मग गोळी मिळाली. सिल्डेनाफिल. १९९८ साली बाजारात आलेलं हे औषध मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं, भलताच परिणाम दिसला म्हणून इकडे वळलं. साधारण तासभर आधी घ्यायची. पोटात तेलकट, जड जेवण असेल तर उशिरा आणि कमी लागू पडते. गोळी घेऊन भिंतीकडे पाहत बसलं तर काहीच होत नाही, जवळीक लागतेच. मधुमेहात गुण थोडा कमी येतो, तेव्हा एकदोनदा जमलं नाही म्हणून फेकून द्यायची नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी आणि ही गोळी एकत्र कधीच नाही, रक्तदाब धाडकन कोसळतो. आणि ताठरता ४ तासांहून जास्त राहिली तर लाजत घरी बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

'शंभर टक्के नैसर्गिक' चूर्णांबद्दल विचारलं तर त्यांनी नुसता हात झटकला. अशा कित्येक पुड्यांत न सांगता हेच औषध मिसळलेलं सापडलंय. डोस माहीत नाही, वर नायट्रेट घेणारा माणूस बेसावध. यापेक्षा चिठ्ठीवरची गोळी परवडली.

बुधवार

पहिल्या खेपेला काही झालं नाही. नजर सारखी घड्याळावर, रोमान्स कसला, परीक्षेचा हॉलच तो. डॉक्टर म्हणाले, आता टाडालाफिल ही दुसरी गोळी घेऊन बघू, तिचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. शिवाय टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासायला सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचंय, कारण ते सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मधुमेहात बऱ्याचदा कमी निघतं. चालणं आणि साखर यांवर मात्र सवलत नाही. झालेलं नुकसान त्याने पुरतं भरून येईलच असं नाही, पण पुढचं तरी थांबेल.

शनिवार

गोळ्यांनी भागलं नाही तर पुढे काय, तेही विचारून घेतलं. निर्वात पंप आहे, शिश्नात द्यायचं इंजेक्शन आहे, अगदी शेवटी शस्त्रक्रिया करून आत बसवायचं इम्प्लांट. इंजेक्शनचं नाव काढताच मी पाय आखडून घेतले, रोज इन्सुलिन टोचून घेणारा माणूस असूनही. पंपाचं हिला सांगत होतो : नळी लावायची, हवा ओढायची, बुडाशी रबरी कडं चढवायचं आणि ते ३० मिनिटांच्या आत काढायचंच. ही हसून हसून लोळली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण गजर कोण लावणार?"