माजिवड्यापर्यंत दुसरा गिअर

लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना एकमेकांबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत माझ्याबद्दल 'याला गाड्यांतलं कळतं' एवढंच ठाऊक आहे. त्यामुळे सातव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत मला कुणाला तरी गाडी सुचवावी लागते. मध्यंतरी पाचव्या मजल्यावरचे काका आत शिरले आणि म्हणाले, "मुलाला स्पोर्टी गाडी हवीय, हिला चढा-उतरायला सोपी हवी आणि अ‍ॅव्हरेज चांगलं पाहिजे. काय घेऊ?" मी म्हणालो, "हॅचबॅक." श्रीखंड मागितल्यावर ताक पुढे यावं तसा त्यांचा चेहरा झाला. महिन्याभरात त्यांच्याकडे उंच, काळीभोर, सीटला लाल शिलाई असलेली एसयूव्ही आली. पेढे छान होते.

माझं म्हणणं एवढंच, की गाडी स्पोर्टी आहे की नाही हे ताशी तीसला कळलं पाहिजे. त्याहून जास्त वेग आमच्या वाट्याला येतो कुठे? मानपाड्याहून निघायचं, मेट्रोचे खांब मोजत कापूरबावडी गाठायची, माजिवड्याला अंग चोरून लेन बदलायची. मुलुंडचा टोल २०२४च्या ऑक्टोबरात छोट्या गाड्यांना माफ झाला, तेव्हापासून पुढच्या गर्दीत फुकट पोचता येतं. अशा रस्त्यावर दोनशे हॉर्सपॉवर घेऊन उभं राहणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बसणं.

माझ्याकडे २०१२ची स्विफ्ट आहे, बाराशे सीसीची पेट्रोल. कागदावर ८७ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोंच्या आत. या दुसऱ्या आकड्याकडे शोरूममध्ये कुणी बघत नाही, खरी गंमत मात्र तिथे आहे. हलकी गाडी ब्रेकला लवकर थांबते, वळणावर कलायच्या आधी वळते, आणि रिक्षा आडवी आल्यावर (ती येतेच) तिला मनातल्या मनात चुकवावं तशी चुकवते. गिअर 'खट्' करून पडतो. इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे पाय जेवढा दाबू तेवढीच ताकद, लगेच.

हल्लीच्या चपळ म्हणवणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुधा एक लिटरचं, तीन सिलेंडरचं टर्बो इंजिन असतं. त्याला कारण करही आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत असेल तर गाडी 'छोटी' ठरते. सप्टेंबर २०२५पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी, त्यापुढच्या गाड्यांवर ४०. मग कंपन्या इंजिन छोटंच ठेवतात आणि टर्बोने त्यात हवा कोंबून ताकद काढतात. एक्सप्रेस वेवर ती इंजिनं झकास. पण टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तो नसतो. म्हणजे आधी काहीच नाही, मग एकदम सगळं, आणि समोर टीएमटीची बस.

बायकोचं मत वेगळं आहे आणि ते खोडून काढायची माझी प्राज्ञा नाही. ती हीच गाडी घेऊन विटाव्यावरून ऐरोलीला ऑफिसला जाते. तासभर हाफ क्लचवर काढून घरी आली की डावा गुडघा धरून सोफ्यावर बसते आणि विचारते, "तुझं ते 'खट्' मला कधी ऐकू येणार?" तिच्यासाठी पुढची गाडी ऑटोमॅटिक घ्यायची, हे मी मान्य केलंय. फक्त टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद चाकांकडे पाठवणारी. कोरड्या ड्युअल क्लचचे (तेलात न बुडवलेले दोन क्लच आळीपाळीने चालवणारे) गिअर विजेसारखे बदलतात खरे, पण रांगत्या गर्दीत ते क्लचही हाफ क्लचच करत असतात आणि तापतात. गुडघा वाचवून क्लच जाळायचा, यात काय मिळवलं?

आता माझा गाढवपणा. चार वर्षांपूर्वी हौसेने सोळा इंची अलॉयची चाकं बसवली. मूळ टायर १८५/६५ आर १५, नवे १९५/५५ आर १६. यातला मधला आकडा म्हणजे टायरच्या गालाची, म्हणजे बाजूच्या रबराची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला तर जुना गाल १२० मिलिमीटर, नवा १०७. चाकाची बाहेरची उंची दोन्हींत जवळजवळ सारखीच, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. मी खूश. वळणावर गाडी खिळ्यासारखी बसायची. जुलैत घोडबंदर रोडवर पाण्याने भरलेला एक खड्डा आला, नुसता दणका बसला, आणि सकाळी टायरला लिंबाएवढा फुगा! पंक्चरवाल्याने तो बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, दिसायला भारीए." ते तेरा मिलिमीटर काय काम करत होते ते मला तेव्हा कळलं. दिवाळीआधी जुनी चाकं परत चढवली.

छोट्या स्पोर्टी गाडीच्या या वेडाचा उगम जर्मनीतला. फोक्सवॅगनने १९७६ साली गोल्फ जीटीआय विकायला काढली: बाजारहाटाची डबा-गाडी, ११० हॉर्सपॉवर, चौकड्यांच्या कापडाच्या सीट आणि गिअरच्या दांड्यावर चक्क गोल्फचा चेंडू. मागे पोरं, डिकीत भाजी, आणि पुढे बसलेला बाप सुखात. तीच गोल्फ २०२५मध्ये भारतात आली, २६५ हॉर्सपॉवर, किंमत ५३ लाखांच्या घरात. एवढ्यात घोडबंदरच्या पार टोकाला वन बीएचकेची बोलणी सुरू होतात. आपल्यासारख्यांसाठी तिची धाकटी भावंडं होती. चाकणला बनणारी पोलो जीटी २०२२ला गेली. टाटाची टियागो जेटीपी आली कधी, गेली कधी, कळलंही नाही. लोक कौतुक करतात आणि विकत एसयूव्ही घेतात, मग कंपन्यांनी तरी काय करावं?

काकांवर मी हसलो खरा, पण आमच्या आईने त्यांच्या गाडीत एकदा बसून पाहिलं आणि खुर्चीतून उठावं तशी सहज उतरली. माझ्या गाडीतून उतरताना ती आधी एक पाय काढते, मग दाराची कड धरते, मग मला हाक मारते. तो गुण काकांना. डिकीचाही. माझी २०४ लिटर, म्हणजे आंब्याच्या दोन पेट्या ठेवल्या की बॅगा मांडीवर. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच, की आमच्या पझल पार्किंगच्या (गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यंत्राच्या) खालच्या ट्रेमध्ये त्यांची गाडी उंचीमुळे जात नाही. ती रस्त्यावर झाडाखाली उभी असते आणि कबुतरं तिच्यावर मनापासून प्रेम करतात.

माझ्या लेखी गाडीची आणि चालवणाऱ्याची खरी परीक्षा वर्षातून एकदाच, गणपती घरी आणताना. आई मूर्ती मांडीवर घेऊन मागे, शेजारी मुलगी नारळ सांभाळत, आणि मी जांभळी नाक्याहून निघालेला. वेग पंधरा. क्लच कुठे धरतो ते पायाला कळायला हवं, ब्रेक दाबताना शेवटच्या क्षणी किंचित सैल सोडायला हवा, खड्डा दिसला की स्टेअरिंगने तो चाकांच्या मधून काढायला हवा. गेल्या वर्षी घरापर्यंत सोंडेचा रंगसुद्धा हलला नाही. सोसायटीच्या गेटपाशी आलो. समोर आमचा तो उंटाच्या पाठीसारखा स्पीड ब्रेकर. मी पहिला गिअर टाकला, गाडी तिरकी घेतली.

"थांब," मागून आई म्हणाली. "इथून आम्ही चालत येतो."