हरणाच्या शिकारीसाठी स्वस्त आणि हलकी एकबारी रायफल निवडताना

इलिनॉय राज्यात २०२२ पर्यंत हरणाच्या शिकारीसाठी रायफल वापरता येत नसे. बंदुकीच्या हंगामात स्लग, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच जड गोळी झाडणारी शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा ठरावीक प्रकारची हँडगन यांवरच भागवावे लागे. जमीन सपाट, मधूनमधून घरे आणि रायफलची गोळी मैलभराहून दूर जाणारी, त्यामुळे ही बंदी अगदीच अनाठायी नव्हती. २०२३ पासून कायद्याने रायफलला परवानगी दिली, मात्र ती एकबारी असली पाहिजे, म्हणजे तिच्यात एका वेळी एकच काडतूस मावले पाहिजे, अशी अट घातली. त्यामुळे एरवी हौशी लोकांची किंवा नवशिक्यांची समजली जाणारी ही रायफल येथे एकदम सर्वांच्या गरजेची झाली. शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांत राहणाऱ्या आमच्यासारख्या काही मराठी मंडळींनाही या विषयात रस आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपल्यामुळे घरातून मिळालेले असे कोणतेही ज्ञान आमच्यापाशी नसते आणि दुकानदार सांगेल तेच प्रमाण मानले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मते रायफलच्या आधी काडतूस ठरवावे. बहुतेक लोक नेमके उलट करतात. कायद्याने .३० किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे, सरळ भिंतीचे, म्हणजे गोळीकडे एकदम निमुळते न होणारे काडतूस चालते. मान निमुळती असलेले काडतूस हवे असेल, तर त्याच्या पितळी कवचाची लांबी १.४ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे सर्वांना परिचित असलेले .३०८ बाद होते आणि मुख्यतः .३५० लेजंड, .४५० बुशमास्टर, .४४ मॅग्नम आणि १८७३ सालापासून चालत आलेले ४५-७० एवढी नावे समोर राहतात. त्यांतील ४५-७० चा दबदबा मोठा आहे, आणि दुकानात त्याचे बोटभर जाड काडतूस हातात घेतले की मोह होतोच. परंतु रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का जोराचा, हा हिशेब कोणाला चुकलेला नाही. दुर्बिणीसह सात पौंड, म्हणजे सव्वातीन किलोच्या आत-बाहेर भरणाऱ्या रायफलमधून ४५-७० चे साधे, तीनशे ग्रेन (सुमारे १९ ग्रॅम) वजनाच्या गोळीचे काडतूस झाडले, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा .३५० लेजंडच्या दुपटीहून अधिक असते. असा धक्का दोन-चारदा बसला की चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतात आणि खांदा आखडतो; मग नेम कितीही साधला तरी गोळी भलतीकडे जाते. विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलेले .३५० लेजंड येथील ओढ्याकाठच्या झाडीत, जिथे हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसते, पुरेसे आहे आणि सरावासाठीही परवडते. हलकी रायफल घ्यायची असेल, तर मी दुसऱ्या कोणत्याही काडतुसाची शिफारस करणार नाही.

रायफलींत स्वस्ताईच्या बाबतीत सीव्हीए कंपनीची ‘स्काउट’ पुढे आहे. ती चारशे डॉलरांच्या आसपास मिळते, वजन सहा पौंडांच्या जवळपास असते, दुर्बीण बसवण्याची पट्टी नळीवर आधीच लावलेली असते आणि मोठ्या काडतुसांच्या मानाने लेजंडचा धक्का तिच्या रबरी गादीवर सहज जिरतो. चापाच्या कडीचे टोक मागे ओढले की नळी बिजागरीवर खाली झुकते, अंगठ्याने काडतूस आत सरकवायचे, नळी वर उचलायची आणि ‘खट्’ असा आवाज झाला की घोडा चढवायला रायफल तयार. बोल्टची, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या दांड्याची, लांबलचक पेटी नसल्यामुळे तितक्याच नळीची ही रायफल चारेक इंच आखूड भरते, आणि झाडावरच्या मचाणात वळताना ते चार इंच फार उपयोगी पडतात. हेन्री कंपनीची एकबारी दिसायला देखणी आहे, तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता आहे आणि तिची खटकी डावीकडे किंवा उजवीकडे कशीही ढकलली तरी नळी उघडते, त्यामुळे डावखुऱ्यांची सोय होते; परंतु ती जड आणि महाग आहे. ज्याला रायफल पिढ्यान्‌पिढ्या ठेवायची आहे त्याने ती अवश्य घ्यावी.

जुन्या बाजारात एच अँड आर कंपनीची ‘हँडी-रायफल’ अजून दिसते. तिचे उत्पादन २०१५ मध्ये बंद झाले. तिला जोडून दुसऱ्या काडतुसाची नळी घेता येत असे, पण त्यासाठी रायफलचा मागचा भाग कारखान्यात पाठवून नळी जुळवून घ्यावी लागे. आता तो कारखानाच नाही, तेव्हा ‘नळ्या बदलता येतील’ या विक्रेत्याच्या शब्दावर एक डॉलरही जास्त देऊ नये. अशी रायफल पाहताना दुकानदाराची परवानगी घेऊन आधी नळी रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी. मग नळी बंद करून एका हाताने दस्ता आणि दुसऱ्या हाताने नळी धरून हलवून पाहावी. जराही खुळखुळ जाणवली किंवा नळी आणि पाठीमागची भिंत यांमधून उजेड दिसला, तर ती रायफल जागेवर ठेवून द्यावी.

रायफलवर सगळे पैसे खर्च करून दुर्बीण मात्र सर्वांत स्वस्तातली घेणे, ही प्रवृत्ती आपल्या लोकांत फार आहे. सकाळी सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासात शिकारीला परवानगी असते आणि हरीणही त्याच सुमारास हलते; त्या अंधुक प्रकाशात दुर्बिणीची काच चांगली नसेल, तर शिंगे दिसतात की फांद्या, हेच कळत नाही. दुर्बीण नळीला फार चिकटून बसवली, तर तिच्या खाली घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही. त्यासाठी घोड्याला बाजूने लावायची छोटी दांडी मिळते. ती थंडीतले हातमोजे घालून दुकानातच लावून पाहावी. सराव करताना दस्त्याचा पुढचा भाग दर वेळी बिजागरीजवळ एकाच ठिकाणी टेकवावा. अशा रायफलीत तो भाग नळीलाच जोडलेला असल्यामुळे टेकू पुढे-मागे झाला की गोळीची जागाही सरकते, आणि लोक उगाच दुर्बिणीला दोष देत बसतात.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगायचे, तर राज्य पोलिसांचे ‘फॉइड’ कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचे ओळखपत्र, आधी हवे आणि रायफल विकत घेतल्यावर ती ताब्यात मिळायला ७२ तास थांबावे लागते. १ जानेवारी १९८० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायदा एरवी बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. कुक, ड्युपेज आणि लेक काउंटीत बंदुकीने हरणाची शिकार करता येत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना परवानगीपत्र दुसऱ्या काउंटीचे घ्यावे लागते आणि रायफल रिकामी करून बंद पेटीत घालूनच तिथवर न्यावी लागते.