नदीपायी बुडालेला गव्हर्नर

शुक्रवार, रात्री

गेले काही दिवस ॲरन ऑग्डेनबद्दल मिळेल ते वाचतेय. आधी हे नाव मला फक्त एका खटल्यामुळे माहीत होतं: ‘गिबन्स विरुद्ध ऑग्डेन’, 1824. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या कुणालाही हा खटला चुकत नाही. पण त्यात ऑग्डेन म्हणजे हरलेली बाजू, बास. तो कोण, कुठला, खटल्याआधी त्याने काय केलं आणि नंतर त्याचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. आता कळल्यावर मला त्याच्याबद्दल माया वाटतेय आणि त्याचा रागही येतोय. दोन्ही लिहून ठेवते.

जन्म 1756चा, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथटाउनचा, म्हणजे आजच्या एलिझाबेथचा. प्रिन्स्टनचा पदवीधर, पुढे काही काळ शाळामास्तर. 1776च्या जानेवारीत गावातले लोक होड्या घेऊन समुद्रात गेले आणि ब्रिटिशांचं रसद नेणारं जहाज पकडून आणलं, त्यांत हाही होता. मग इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्याच्या लढाईत, म्हणजे क्रांतियुद्धात, न्यू जर्सीच्या पहिल्या पलटणीत भरती. थोरला भाऊ मथायस त्याच पलटणीत अधिकारी होता. घराजवळच टेहळणी करताना संगिनीची जखम झाली, त्यातून वाचला आणि 1781 साली यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईपर्यंत लढत राहिला.

पण मला खिळवून ठेवलं ते 1780च्या सप्टेंबरातल्या एका रात्रीने. अमेरिकन सेनापती बेनेडिक्ट आर्नल्ड फितूर होऊन इंग्रजांकडे पळालेला, आणि त्याच्याशी संधान बांधणारा ब्रिटिश मेजर जॉन आंद्रे अमेरिकनांच्या हाती लागलेला. आंद्रेला फाशी होणार हे नक्की. सरसेनापती वॉशिंग्टनने ऑग्डेनला बोलावून पत्रांचं पाकीट दिलं आणि पांढरं निशाण घेऊन ब्रिटिशांच्या पॉलस हुक ठाण्यावर जायला सांगितलं. उघड काम एवढंच. खरं काम लाफाएत या फ्रेंच सेनानीने एकट्यात सांगितलं: मुद्दाम इतक्या उशिरा पोहोच, की त्यांनी रात्री मुक्काम करायला सांगितलं पाहिजे. मग बोलता बोलता ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या कानावर घाल, की आर्नल्डला आमच्या हवाली केलंत तर आंद्रे सुटू शकेल. कागदावर एक अक्षर नाही. तेवीस वर्षांच्या पोराने हे नीट पार पाडलं. ठाण्यावरचा अधिकारी रात्रीच होडीने हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला सेनापती क्लिंटनकडे गेला आणि उत्तर घेऊन परतला: आमच्याकडे आलेला माणूस आम्ही परत देत नसतो. 2 ऑक्टोबरला टॅपन गावात आंद्रेला फासावर चढवलं.

हे पॉलस हुक म्हणजे जर्सी सिटीतला आमचाच भाग. मी रोज इथूनच फेरी पकडून मॅनहॅटनला कामाला जाते. पलीकडे पोहोचायला काही मिनिटं लागतात. एवढ्याशा पाण्यापायी ऑग्डेनचं सगळं गेलं, हे आता फेरीत बसल्यावर मनातून जात नाही.

युद्धानंतर त्याने वकिली केली, आणि उत्तम केली. सिनेटमध्ये गेला. 1812 साली इंग्लंडशी पुन्हा युद्ध पेटलं. ऑग्डेनचा फेडरलिस्ट पक्ष युद्धाच्या विरोधात होता, आणि त्याच लाटेवर तो न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला. जेमतेम वर्षभर. अध्यक्ष मॅडिसनने त्याला मेजर जनरलचं पद देऊ केलं, ते त्याने नाकारलं. राज्याचं मिलिशिया, म्हणजे नागरी सैन्य, आपल्या हाताखाली आहे ते पुरे, असं त्याला वाटलं असावं.

मग आल्या वाफेच्या बोटी. न्यूयॉर्क राज्याने आपल्या पाण्यात वाफेची बोट चालवायचा मक्ता लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन यांना दिला होता. दुसऱ्या कुणी बोट आणली तर ती जप्त. शिवाय नदीचं पाणी न्यू जर्सीच्या काठापर्यंत आमचंच, असा त्या राज्याचा हेका! जकात नाक्यावर रांग लावलेले ट्रक ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा प्रकार फोड करून सांगावा लागणार नाही. न्यू जर्सीने उलट कायदा केला, कनेटिकटही भांडणात उतरलं. एलिझाबेथटाउनहून न्यूयॉर्कला स्वतःची बोट सोडायची म्हणून ऑग्डेन या मक्त्याविरुद्ध जिवाच्या आकांताने भांडला. 1814 साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे दाद मागायला गेला आणि हरून आला. दुसऱ्याच वर्षी त्याने त्याच मक्तेदारांना पैसे मोजून दहा वर्षांचा परवाना घेतला.

मला राग येतो तो इथे. पैसे भरले ते समजू शकते, धंदा करायचा होता. पण पुढे थॉमस गिबन्स नावाच्या त्याच्या भागीदाराने स्वतःची बोट त्याच मार्गावर घातली, तेव्हा ऑग्डेन तोच मक्ता दाखवत न्यूयॉर्कच्या न्यायालयात मनाईहुकूम मागायला उभा राहिला. काल ज्या गोष्टीला अन्याय म्हणत होता, ती आज त्याची मालमत्ता झाली होती. इतका मोठा वकील, त्याला हे दिसलं नसेल?

गिबन्सही साधा माणूस नव्हता. जॉर्जियाचा गडगंज जमीनदार, वकील, सव्हानाचा माजी महापौर, आणि क्रांतियुद्धात इंग्रजांच्या बाजूचा. दोघांत कौटुंबिक वैर शिरलं होतं. गिबन्स हातात चाबूक घेऊन ऑग्डेनच्या दारावर गेला आणि द्वंद्वाचं आव्हान चिकटवून आला. ऑग्डेनने पिस्तुल उचललं नाही, दावा ठोकला आणि जिंकला. हा भाग मला फार आवडला. याच नदीच्या काठी, वीहॉकेनला, 1804 साली उपाध्यक्ष ॲरन बर्रने माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला द्वंद्वात गोळी घातली होती, आणि ऑग्डेन दोघांनाही चांगला ओळखत होता.

गिबन्सच्या ‘बेलोना’ बोटीवर कप्तान होता कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, पुढे गडगंज झालेला, पण तेव्हा कुणाला ठाऊक नसलेला तरुण. बोटीवर निशाण काय, तर ‘न्यू जर्सी मुक्त झालंच पाहिजे’! ही घोषणा खरं तर ऑग्डेनची असायला हवी होती. न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी ऑग्डेनला धरून निकाल दिला, पण वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात डॅनियल वेबस्टर हा नामांकित वकील गिबन्सच्या बाजूने उभा राहिला. 2 मार्च 1824ला सरन्यायाधीश मार्शलने निकाल वाचला: व्यापार म्हणजे फक्त खरेदी-विक्री नव्हे, त्यात नौकानयनही आलं; आणि केंद्राच्या 1793च्या कायद्याखाली परवाना असलेली बोट राज्याला अडवता येणार नाही. निकाल योग्यच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बोटी वाढल्या, भाडी उतरली.

ऑग्डेन मात्र पुरता बुडाला. म्हातारपणी कर्जापायी न्यूयॉर्कमध्ये त्याला अटक झाली. ज्याच्या छातीवर या देशासाठी खाल्लेल्या संगिनीचा वण, तो सत्तरी ओलांडलेला माणूस कर्जदारांच्या तुरुंगात! त्या वेळी धावून आला तो ॲरन बर्र. हॅमिल्टनच्या मृत्यूनंतर ज्याचं नाव कुणी धड घेत नव्हतं, तोच. बर्रच्या मामाला ऑग्डेनची बहीण दिलेली, दोघं लहानपणापासून एकत्र. बर्रच्या खटपटीमुळे न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने क्रांतियुद्धातल्या सैनिकांना कर्जासाठी कैदेत ठेवायचं नाही असा कायदा केला आणि ऑग्डेन सुटला.

पुढे केंद्र सरकारने त्याला जर्सी सिटीत सीमाशुल्काची नोकरी दिली. पॉलस हुकच्या त्याच काठावर, आणि पगार त्याच केंद्राचा ज्याच्या अधिकारापुढे त्याचा परवाना रद्दी ठरला होता. 19 एप्रिल 1839ला तो गेला, तोवर त्या नोकरीत होता. क्रांतियुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’चा तो अखेरपर्यंत अध्यक्ष होता. जुन्या सोबत्यांनी त्याला टाकलं नाही, हे वाचून बरं वाटलं.

एलिझाबेथच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात त्याला पुरलंय. गाडीने फार लांब नाही. रविवारी पाऊस नसेल तर जाऊन येईन म्हणते, मुलालाही बरोबर नेईन. त्याला शाळेत यंदा क्रांतियुद्धच आहे.