तिसऱ्या रांगेतला फोटो

स्टेम सेल म्हणजे मूलपेशींपासून उपचार बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीचं 'लीडरशिप टीम' हे पान साधारण एकाच साच्यातलं असतं. सगळ्यात वर संस्थापक, बहुतेकदा डॉक्टर किंवा प्राध्यापक, नावामागे पदव्यांची माळ. मग वित्तप्रमुख (सीएफओ), मेडिकल ऑफिसर, बिझनेस डेव्हलपमेंट. पार खाली, तिसऱ्या-चौथ्या रांगेत, उत्पादनप्रमुख आणि क्वालिटीप्रमुख. हे पान खालून वर वाचावं.

कारण साधं आहे. गोळीतलं रसायन कोणत्या कारखान्यात बनलं, याने त्याची रचना बदलत नाही. शुद्धता तपासली की काम भागतं. पेशी जिवंत असतात. दाता बदलला, पेशी वाढवायला वापरलेल्या सीरमचा लॉट बदलला, पेशी दोन पिढ्या जास्त वाढवल्या, की हाती येणारी वस्तू वेगळी होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तशीच दिसते. म्हणून या धंद्यात शोध लावणाऱ्याइतकाच, माझ्या मते थोडा जास्तच, 'ही बॅच रुग्णांसाठी सोडायची की टाकून द्यायची' हे ठरवणारा माणूस महत्त्वाचा.

मेसोब्लास्टचं उदाहरण घ्या. सिल्व्हिऊ इटेस्कू यांनी 2004 साली मेलबर्नमध्ये ही कंपनी काढली आणि 2011 मध्ये ते तिचे सीईओही झाले. त्यांचं पहिलं मान्यताप्राप्त औषध रायोनसिल, दात्याच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूलपेशींचं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइडनेही आटोक्यात येत नाहीत, अशा लहान मुलांसाठी. मूळ औषध अमेरिकेतल्या ओसायरिस कंपनीचं. कॅनडाने त्याला 2012 मध्ये सशर्त परवानगी दिली होती. मेसोब्लास्टने ते 2013 मध्ये विकत घेतलं.

मुलांवरच्या चाचणीत 28व्या दिवशी सुमारे 70 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. ऑगस्ट 2020 मध्ये एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेच्या, सल्लागार समितीने नऊ विरुद्ध एक असा कौल बाजूने दिला. तरी सप्टेंबरअखेर एफडीएने मान्यता नाकारली. ऑगस्ट 2023 मध्ये पुन्हा नकार. मान्यता मिळाली 18 डिसेंबर 2024ला. चार वर्षं गेली कुठे? तुलनेसाठी नियंत्रण गट नसलेली एकच छोटी चाचणी पुरेशी मानायची का, हा एक वाद होता. दुसरा, आणि या पानाच्या दृष्टीने जास्त बोलका, पोटन्सीचा.

पोटन्सी म्हणजे कुपीतल्या पेशी रुग्णात जे काम करणार, ते प्रयोगशाळेत मोजून दाखवणं. पेशी आहेत हे दाखवणं सोपं आहे. रायोनसिलमध्ये असतात त्या प्रकारच्या, म्हणजे मेसेनकायमल पेशींसाठी 2006 पासून ठरलेला निकष असा: प्लास्टिकला चिकटून वाढल्या पाहिजेत, सीडी73, सीडी90, सीडी105 या खुणा किमान 95 टक्के पेशींवर हव्यात, सीडी34 आणि सीडी45 जास्तीत जास्त 2 टक्क्यांवर चालतील. पण ही झाली ओळखपरेड. निकामी झालेली बॅचही ती पास होते. मेसोब्लास्टने पेशींवरच्या टीएनएफ ग्राहकाचं (दाहाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचं) प्रमाण आणि टी-पेशींना आवरण्याची क्षमता असे मापदंड लावले होते. या आकड्यांचा रुग्णाच्या बरं होण्याशी संबंध कितपत पक्का, हा एफडीएचा प्रश्न. आणि चाचणीत वापरलेला माल व पुढे बाजारात येणारा माल यांची सांगड घालायची, तर तोही धागा याच पोटन्सीच्या मोजणीतून जातो. असा प्रश्न संस्थापकाच्या व्याख्यानाने सुटत नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक बॅचचे नमुने गोठवून, नीट नोंदवून ठेवणारा क्वालिटी विभाग असेल तरच उत्तर देता येतं.

दोन नकारांच्या मधल्या काळात कंपनीचा मेडिकल ऑफिसर बदलला. नंतर आलेले एरिक रोझ हे हृदयशल्यविशारद; लहान मुलावरचं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण त्यांनी 1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलं. पानावर हे ठळक दिसतं, आणि छानच आहे. मला त्यांच्या कारकिर्दीतला दुसरा तुकडा जास्त कामाचा वाटतो: देवीच्या रोगावर औषध बनवणाऱ्या सिगा कंपनीचे ते सीईओ होते. म्हणजे एखादं अवघड औषध अमेरिकी सरकारी यंत्रणेतून पुढे कसं न्यायचं, हे त्यांनी आधी अनुभवलेलं होतं. चरित्र वाचताना पुरस्कार ओलांडून जावं आणि 'याच्या हाताखाली एखादं औषध मान्यतेपर्यंत गेलंय का' एवढं शोधावं.

आता उत्पादनाकडे. निरोगी प्रौढ दात्याची अस्थिमज्जा घेतात, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी वगैरे तपासतात, पेशी थरांच्या प्लास्टिक भांड्यांत वाढवतात, एन्झाइमने सोडवून घेतात आणि डीएमएसओ हे गोठताना पेशींना जपणारं रसायन मिसळून गोठवतात. गोठवण्याचा नेहमीचा वेग मिनिटाला साधारण 1 अंश. घाई केली तर पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होतात. रायोनसिलची कुपी 3.8 मिलिलिटरची, तीत अडीच कोटी पेशी, साठवण द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे 135 अंशांच्या खाली. मात्रा दर किलो वजनाला 20 लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. म्हणजे 20 किलोच्या मुलाला एका वेळी 4 कोटी पेशी, दोन कुप्या. पूर्ण उपचाराला 16. अमेरिकेतली छापील किंमत एका मात्रेला 1 लाख 94 हजार डॉलर, आठ मात्रांचे साडेपंधरा लाखांवर.

बिघडतं ते बहुतेक याच वाटेवर. फार वेळा वाढवलेल्या पेशी म्हाताऱ्या होतात, विभाजन मंदावतं, प्रतिकारशक्तीला आवरण्याची ताकद घटते. वितळवल्यावर कुपी टेबलावर रेंगाळली की डीएमएसओच पेशी मारायला लागतो. निर्जंतुकतेची पारंपरिक चाचणी 14 दिवस चालते. गोठवलेल्या मालाला थांबता येतं. ताज्या पेशी देणाऱ्याला ती सोय नाही. तो एक तर जलद चाचणीवर विसंबतो, नाहीतर निकाल येण्याआधीच सुई टोचून मोकळा होतो. शिवाय मेसोब्लास्टचं उत्पादन स्वतःच्या छताखाली नाही, लोन्झा या कंत्राटी उत्पादक कंपनीच्या सिंगापूरमधल्या कारखान्यात होतं. अशा वेळी कंपनीच्या उत्पादनप्रमुखाचं खरं काम प्रक्रिया दुसऱ्याच्या हाती देऊनही तीच ठेवण्याचं. त्याच्या परिचयात 'टेक ट्रान्सफर' (प्रक्रिया दुसऱ्या कारखान्यात नेणं) हा शब्द नसेल तर मी भुवई उंचावतो.

आणखी एक बघायचं: क्वालिटीप्रमुख कोणाला उत्तर देतो. जीएमपी या औषध उत्पादनाच्या नियमांप्रमाणे क्वालिटी विभाग उत्पादनापासून स्वतंत्र हवा. एकच व्यक्ती 'हेड, मॅन्युफॅक्चरिंग अँड क्वालिटी' दिसली, तर स्वतःचाच पेपर स्वतः तपासण्यासारखं आहे.

सीईओचा भाग थोडक्यात, जेरॉनच्या निमित्ताने. भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी मणक्याच्या दुखापतीत देण्याची जगातली पहिली चाचणी या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची. एफडीएने जानेवारी 2009 मध्ये होकार दिला, प्राण्यांमध्ये सूक्ष्म गाठी दिसल्या म्हणून त्याच वर्षी थांबवलं, 2010 मध्ये पुन्हा मोकळीक दिली. ऑक्टोबर 2010 मध्ये अटलांटात पहिल्या रुग्णाला 20 लाख पेशी दिल्या. 1999 पासूनचे सीईओ टॉम ओकार्मा फेब्रुवारी 2011 मध्ये पायउतार झाले. सप्टेंबरमध्ये जॉन स्कारलेट आले, नोव्हेंबरमध्ये स्टेम सेलचा कार्यक्रम बंद. कारण पैसा, उरलेलं बळ कर्करोगाच्या औषधाकडे वळवलं. स्कारलेट आधी प्रोटिओलिक्स या कर्करोगावरच्या कंपनीचे प्रमुख होते, म्हणजे नेमणुकीच्या दिवशीच दिशा वाचता आली असती. बरं, त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही: ते औषध, इमेटेलस्टॅट, 2024 मध्ये मंजूर झालं. पेशींचा कार्यक्रम अ‍ॅस्टेरियस कंपनीकडे गेला, तिथून आजच्या लिनिएज कंपनीकडे, आणि मधल्या काळात त्याच ओकार्मांनी अ‍ॅस्टेरियसचं सुकाणू धरलं होतं. या क्षेत्रात माणसं पेशींच्या मागे फिरतात, त्यामुळे कोण कुठून आला ते बघितलं की कंपनीच्या कपाटातल्या कुप्याही कळतात.

आपल्याकडे मोजमापाला बंगळुरूची स्टेमप्युटिक्स आहे. अनेक दात्यांच्या पेशी एकत्र करून बनवलेल्या तिच्या स्टेमप्युसेलला 2016 मध्ये बर्जर्स आजारातल्या पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी मर्यादित परवानगी मिळाली, 2022 मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी. गुडघ्याचं इंजेक्शन बाजारात आणणारी अल्केम मुंबईची. दाते एकत्र करण्यामागे हेतू हाच की एका दात्याच्या लहरीवर बॅच अवलंबून राहू नये.

याउलट शहरोशहरी 'स्टेम सेल सेंटर'चं पान उघडा: एक डॉक्टर, त्याची पत्नी संचालक, एक मार्केटिंग हेड. उत्पादन नाही, क्वालिटी नाही. पेशी कोण मोजतं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग (आयसीएमआर-डीबीटी) यांच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण आणि स्टेमप्युसेलसारखी परवानगी मिळालेली उत्पादनं सोडली तर बाकी वापर चाचणीतच करायचा असतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सीटीआरआय म्हणजे देशाच्या चाचणी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, स्टेम सेल संशोधनासाठीच्या संस्थात्मक समितीची मंजुरी, आणि तुमच्या बॅचचा तपासणी अहवाल, ज्यावर जिवंत पेशींची टक्केवारी, निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि खाली सही करणाऱ्याचं नाव-पद असेल. सही इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरचीच असेल तर फी भरायच्या आधी घरी या.