तिसरा कंट्रोलर

इचलकरंजीत मी आधी यंत्रमागाच्या मोटारी भरायचो, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचो. चार्जिंगच्या गाड्या वाढल्या तसा हळूहळू त्यांच्याकडे वळलो. परवाच्या पावसाळ्यात एके सकाळी शटर पुरतं वरही गेलं नव्हतं, तोच मेसचे डबे पोचवणाऱ्या एक ताई चार्जिंगची स्कूटर ढकलत दारात आल्या. गाडी ताशी पंचवीसच्या वेगाची, पासिंग न लागणारी. हँडलला पिशवी, पिशवीत नवाकोरा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोजूनमापून मोटारीला देणारी पेटी.

"दादा, एवढा बसवून द्या. वीस दिवसांत दोन जळाले. हा तिसरा."

अर्ध्या तासाचं काम, मजुरी सुटली असती. पण ताई घामानं निथळत होत्या. रस्ता सपाट, गाडी हलकी, मग एवढं दमायला काय झालं?

गाडी डबल स्टँडला लावून मागचं चाक हातानं फिरवलं. चिखलात रुतल्यासारखं जड, आणि मध्येमध्ये अडत होतं. ही खूण ओळखीची. हब मोटार म्हणजे चाकातच बसवलेली मोटार. तिच्या तीन जाड वायरी, म्हणजे फेज, एकमेकींना चिकटल्या की फिरणारी मोटार स्वतःच वीज तयार करते आणि त्या विजेनं स्वतःलाच ब्रेक लावते. बहुतेक वेळा कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेले असतात. भाच्याला ऐटीत सांगितलं, "मॉस्फेट गेलेत. तिन्ही फेज सोडव, चाक भिंगरीसारखं फिरेल."

त्यानं पिवळी, हिरवी, निळी वायर सोडवली. चाक फिरवलं. तसंच जड.

"मामा, भिंगरी कुठाय?"

कंट्रोलर तर आता सुटलेला होता. म्हणजे शॉर्ट चाकाकडेच. मीटर काढला. बॅटरी चार, मिळून ५१ व्होल्ट, ठणठणीत. चाकाची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरला कंट्रोलरकडून ५ व्होल्ट जायला हवेत, तिथं अर्धा व्होल्टही नाही. थ्रॉटलचा, म्हणजे वेग वाढवायच्या मुठीचा प्लग काढला, फरक नाही. हॉलचा प्लग काढला आणि काटा ४.९ वर. (माझा मीटर अजून काट्याचाच आहे, भाचा हसतो.) जाड फेज आणि बारीक हॉल, दोन्हींचा घोटाळा एकाच जागी असणार, आणि ती दोघं एकत्र जातात ती केबल एक्सलच्या पोकळीतून बाहेर पडते.

चिखल पुसला तेव्हा दिसलं. केबल एक्सलभोवती दोन वेढे पिळलेली, कडेला घासून आतलं तांबं उघडं पडलेलं.

"ताई, पंक्चर कधी काढलं होतं?"

"महिना झाला असेल. का हो?"

हब मोटारीत एक्सल फिरत नाही, चाक त्याच्याभोवती फिरतं. त्यामुळे मोटारीचा सगळा जोर एक्सललाच उलटा फिरवायला बघतो. त्याला धरून ठेवायला चपट्या भोकाचा, नाक असलेला टॉर्क वॉशर असतो. पंक्चरवाल्यानं तो परत घातलाच नव्हता. दर वेळी पिकअप घेताना एक्सल थोडा सरकत होता आणि केबल पिळत होती. दोन्ही कंट्रोलर त्या शॉर्टवर बळी गेले. जुन्या कंट्रोलरच्या हिरव्या फेजला मीटर लावला तर सरळ शॉर्ट. तिसरा बसवला असता तर तोही संध्याकाळपर्यंत गेला असता, आणि नाव माझं खराब झालं असतं.

मोटार उघडावी लागली. चुंबक असे ओढतात की बोट मध्ये सापडलं तर रक्तच. फेजची वीज हॉलच्या वायरींत शिरून तिन्ही सेन्सर मेले होते. ४१ एफ नंबरचे तीन नवे सेन्सर टाकले, केबल बदलली. मग खरा ताप सुरू झाला. नवी केबल वेगळ्या रंगांची, नवा कंट्रोलर तिसऱ्याच कंपनीचा. रंगाला रंग जोडला की काम झालं असं समजणाऱ्यांनी एकदा बसून बघावं. हॉलच्या वायरी तशाच ठेवून तीन फेज सहा तऱ्हांनी जोडता येतात, त्यातली एकच बरोबर.

आधी बॅटरीच्या वायरीत सिरीज बल्ब घातला, कुठं शॉर्ट उरला असेल तर कंट्रोलर जळायच्या आधी तो पेटतो. नुसता लाल झाला असता तरी हात आवरला असता. नाही झाला. मग बल्ब काढून अँपियरमीटर लावला आणि चाक हवेत ठेवून एकेक जोडणी बघितली. पहिली नुसती थरथरली. दुसरी चालली, पण गुरगुरत आणि सहा अँपियर खात. चौथी लोण्यासारखी फिरली, एक अँपियरच्या आसपास. फक्त चाक उलटं.

भाचा म्हणाला, "ताईंना रिव्हर्सनं डबे पोचवायला सांगूया."

हॉलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, फेज परत जुळवल्या. साडेतीनला चाक सुलट फिरलं. ताईंनी दुपारचे डबे रिक्षानं पाठवले होते, त्याचे पैसे त्या माझ्या मजुरीत बोटांवर मिळवत होत्या.

वॉशर मी जुन्या हबमधून काढून घातला, त्याचे पैसे लावले नाहीत. ताई निघाल्या तेव्हा भाच्यानं पिवळ्या ऑइलपेंटनं चाकाशेजारच्या दांड्यावर लिहिलं, 'पंक्चरवाले, वॉशर!' बाण मात्र उलट्या बाजूला काढला.