भोक बुजवलेली कुंडी

जुलैत अडेनियमच्या, म्हणजे फुगीर बुंध्याच्या त्या शोभेच्या फुलझाडाच्या, तक्रारींचे फोन सुरू झाले की आमचा बागकामाचा सीझन आला समजायचं. पानं पिवळी पडतात, गळतात आणि लोक काळजीपोटी आणखी पाणी घालतात. मुलुंडच्या ज्या काकांनी बोलावलं, त्यांची केस मात्र वेगळी निघाली.

नवव्या मजल्यावरची बाल्कनी. सिरॅमिकच्या देखण्या कुंडीत गुबगुबीत बुंध्याचं झाड, शेंड्याला दोनच फुलं, कडेला गडद गुलाबी आणि आत फिकट. मातीलगत अंगठ्याने बुंधा दाबला तर तो आत गेला आणि आंबूस वास सुटला.

"सड लागलीय काका."

"शक्यच नाही," ते म्हणाले. "अहो, मी ओमानमध्ये सलालाहला नोकरी केलीय. ही झाडं तिथे डोंगरावर आपोआप येतात. तिथे पाऊस नसतो की काय?"

फोनमध्ये फोटोही होते. ओमानच्या धोफार भागातला करडा उतार, एकही पान नसलेलं, बाटलीसारखं फुगलेलं खोड आणि फांद्यांच्या टोकांना फुलं. काकांचं बोलणं खोटं नव्हतं. जून ते सप्टेंबर तिथे खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा असतो. आपल्याकडे येतो तोच नैऋत्य मोसमी वारा, पण तिथे तो धुकं आणि भुरभुर घेऊन येतो. सलालाह शहरात वर्षभरात जेमतेम 100-125 मिलिमीटर पाऊस. इथे सांताक्रूझला 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 पडला होता. हे झुडूप सेनेगलपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत आणि पलीकडे अरबस्तानात वाढतं. मिळेल तेव्हा पाणी पिऊन बुंध्यात साठवायचं, कोरड्या दिवसांत पानं टाकून द्यायची, हा त्याचा शिरस्ता.

मी विचारलं, "तिथली जमीन कशी होती?"

"जमीन कसली, नुसता दगड. भेगेत मुळं. पाणी पडलं की खाली वाहून जातं."

उत्तर त्यांनीच दिलं होतं. पावसाला हे झाड घाबरत नाही, मुळांशी तुंबलेलं पाणी मात्र त्याला मारतं. मग मी कुंडी आडवी केली. तळाचं भोक एम-सीलने पक्कं बुजवलेलं!

काकू आतून म्हणाल्या, "खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कपड्यांवर थेंब पडायचे. रोज भांडण." मुंबईत अर्ध्या कुंड्या अशाच मरतात, पाण्याने कमी आणि शेजाऱ्यांनी जास्त. नर्सरीवाल्याने भरलेलं नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर स्पंजासारखं ओलं होतं.

हातमोजे घातले. हे कण्हेरीच्या कुळातलं, चीक विषारी. आफ्रिकेत तो बाणांना लावत. सुरी स्पिरिटने पुसून खालून चकत्या काढायला लागलो. पहिली तपकिरी, चिखलासारखी. पुढची कडेला पांढरी, मधे डाग. दर चकतीनंतर सुरी पुन्हा पुसायची, नाहीतर सड आपल्याच हाताने वर चढते. अखेर सगळी पांढरी, घट्ट चकती आली तेव्हा बुंधा निम्मा उरला होता. काका तोवर खुर्चीत बसून गप्प पाहत होते.

कापलेल्या भागाला बुरशीनाशक चोळलं, बरीचशी पानं काढली आणि झाड घरात पंख्याखाली वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं. मुंबईच्या दमट हवेत उघड्यावर ते सुकलंच नसतं. काप टणक झाल्यावर मातीच्या कुंडीत लावलं: जाड रेती, विटांचे तुकडे, थोडं कोकोपीट, मूठभर शेणखत. भोक उघडं. कुंडी विटांवर, खाली पसरट ट्रे, तो भरला की काकू ओततात, त्यामुळे खालच्या बाईही शांत.

दिवाळीच्या सुमारास शेंड्याला नवी पानं फुटल्याचा फोटो आला. फुलं एवढ्यात येणार नाहीत, आधी मुळं धरू देत, असं सांगितलंय. माती वरून दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका, हेही सांगितलंय. ते काकांना अजून पटलेलं नाही. काकूंनी झारी लपवून ठेवलीय.