घळीतून वर काढलेलं सव्वाशे किलोचं धूड

रेड डियर जातीच्या हरणाचा पूर्ण वाढलेला नर घळीच्या तळाशी, ओढ्यापासून थोड्याच अंतरावर पडला होता. जिवंतपणी वजन दीडशे किलोच्या पुढेच असणार. कोथळा काढल्यावरही सव्वाशे किलोच्या आसपास धूड उरलं. वर धारेवर गाडीवाट होती आणि मधे साधारण ऐंशी मीटरचा उभा चढ.

अशा वेळी सगळ्यांचा पहिला कल उताराकडे असतो. ओढ्यात उतरवायचं आणि कडेकडेने बाहेर न्यायचं. मला हे अजिबात पटत नाही. शेवाळलेल्या गोट्यांवर एकाचा पाय मोडला तर आधी त्याला बाहेर काढावं लागतं. शिवाय उघड्या पोटात ओढ्याचं पाणी गेलं की मांस खराब व्हायला वेळ लागत नाही. म्हणून विंच, म्हणजे फिरत्या ड्रमवर दोर घेऊन ओढणारं यंत्र, लावून वर ओढायचं ठरलं. तुकडे करून पाठीवर नेता आलं असतं, मागचा एकेक पाय वीस किलोच्या आसपास भरतो. पण तपासणीसाठी धूड अखंड हवं होतं.

ओढण्याआधी पाय बांधून घेतले. काही तासांत शरीर ताठरतं. तोवर पाय पसरलेले राहिले तर प्रत्येक झुडपात अडकतात. पुढचे पाय दुमडून मानेशी बांधले, मागचे एकमेकांना. कोथळा काढताना चीर शक्य तितकी लहान ठेवलेली बरी, कारण लांब चिरेतून वाटभर माती आत जाते. धूड डोक्याकडून ओढायचं. केस डोक्याकडून शेपटीकडे वळलेले असतात. उलटं ओढलं की ते जमिनीला धरून बसतात आणि चिखल कातड्यात रुततो. मनगटाशी हातमोजे घट्ट हवेत, कारण शरीर थंड पडू लागलं की गोचिड्या ते सोडून जवळच्या माणसाकडे वळतात.

चढ ३५ अंशांच्या आसपास होता. एवढ्या चढावर उघड्या जमिनीवरून ओढायला घर्षण धरून जवळजवळ वजनाइतकाच जोर लागतो, म्हणजे धूड सरळ उचलल्यासारखंच. खाली प्लास्टिकची गुळगुळीत स्लेज, म्हणजे बिनचाकी घसरगाडी, घातली की साधारण पाऊण वजनावर काम भागतं. हीच स्लेज उतारावर मात्र धोक्याची आहे. जमिनीवर जे धूड रेटत न्यावं लागतं किंवा सावकाश सरकतं, तेच स्लेजवर चाळीस-पन्नास किलोंच्या जोराने खाली धावतं. त्यामुळे उतारावर मागून दोर धरणारा माणूस हवाच, आणि पुढे, वाटेत, कुणीही नको.

विंच धारेवर, पण ओढायची दिशा बाजूला. म्हणून मधे एका जिवंत, जाड झाडाच्या बुंध्याशी रुंद पट्टा बांधून कप्पी लावली. दोर काटकोनात वळला की कप्पीवर ओढीच्या सुमारे १.४ पट भार येतो. पूर्ण मागे वळला तर दुप्पट. हे गणित न करता हाताशी येईल ते झाड धरणारे मी पाहिलेत, आणि मला त्याची धास्ती वाटते. दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. पट्टा तुटला तर कप्पी तिकडेच झेपावते. दोर १२ मिलिमीटरचा, कमी ताणला जाणारा पॉलिस्टरचा. नायलॉन ताणला जातो, आत जोर साठवतो आणि तुटला की फटक्यासारखा परततो.

अर्ध्या चढावर डोक्याचा पट्टा ढिला झाला. मान खाली झुकली आणि शिंगाचा डोळ्यावरचा पुढे वळलेला फाटा एका उघड्या मुळाखाली शिरला. दोर ताठ होऊन थरथरू लागला, स्लेजचं तोंड मुरडलं. विंचवाल्याला धारेवरून यातलं काही दिसत नाही, म्हणून धुडाबरोबर चालणाऱ्याकडे वायरलेस असतो आणि शब्द एकच ठरलेला: ‘थांब’. तो ऐकताच विंचवाल्याने ड्रमवरचं दोराचं टोक ढिलं सोडलं आणि ओढ तिथेच थांबली. अशा वेळी जोर वाढवला तर एकतर शिंग मोडतं, नाहीतर मूळ एकाएकी सुटून सगळं धूड उसळतं. आम्ही स्लेज अर्धा मीटर मागे घेतली, फाटा सोडवला, थोबाड वर करून डोकं मागे कलतं आवळलं. फाटे आकाशाकडे झाले आणि पुढे अडथळा आला नाही.

इतक्या मोठ्या जनावरात खरी घाई उष्णतेची असते. मांसल मागच्या पायात, खुब्याच्या सांध्याजवळ, उष्णता सगळ्यात जास्त वेळ कोंडून राहते आणि सडणं तिथूनच आतून सुरू होतं; वरून ते दिसत नाही. म्हणून वर येताच छातीत काठी आडवी घालून पोकळी उघडी ठेवली, धूड सावलीत घेतलं. गाडीतही ताडपत्रीने गच्च झाकलं नाही, हवा खेळती ठेवली. शीतगृहात मागच्या पायांवर टांगताना धुडं एकमेकांना टेकू दिली नाहीत. थर्मामीटर खुब्याजवळ खोल खुपसून बघायचा आणि आकडा ७ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली येईपर्यंत दार उगाच उघडायचं नाही.

त्यानंतर दोर. पूर्ण लांबी बोटांतून सरकवत तपासली. मुळाच्या बाजूला खडकाच्या धारेवर घासलेल्या जागी वरचे धागे फुललेले सापडले. तेवढा भाग कापून टाकला.